पन्नास, साठ

रात्रीचे साडेअकरा. सावाको झोपलीय,
किंवा झोपल्यासारखी पडलीय.
टेबलावर उघडी चासी, दोन व्हॉल्व्ह,
दोघांच्या पोटात विडीच्या टोकाएवढा विस्तव.
हेडफोन चढवतो
आणि गाण्याच्या आधी तीच येते,
घूं.
बरणीत अडकलेल्या भुंग्याची,
दम न लागणारी.

आवाजाचं बटण शून्यावर आणलं. घूं.
पुरतं पिळलं. तेवढीच.
म्हणजे बाहेरून आलेली नाही,
बटणाच्या पुढेच कुठेतरी बिऱ्हाड केलंय तिनं.
डावा व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवा डावीकडे.
ती जागची हलली नाही.

जन्मभर मी बांगडे सुकवले, नुमाझूच्या धक्क्यामागे.
मासा उभा चिरायचा, काटा बोटानं शोधायचा.
तसंच हेही चिरून बसलोय.
हीटरच्या तारा सोडवून पुन्हा पीळ घातला,
शाळकरी पोरीच्या वेणीसारखा.
अर्थिंगची सगळी टोकं एका नटाखाली आणली.
मग जेवणाची लाकडी काडी घेऊन
एकेक डाख टोचून पाहिला
(आत अडीचशे व्होल्ट, डावा हात खिशात).
एक डाख राखाडी निघाला, अर्धवट विरघळलेला.
पुन्हा दिला. खूश झालो.
घूं.

"तुमच्या कानात नाही ती,"
अंथरुणातून सावाको म्हणाली,
"खोक्यात आहे. मला इथवर ऐकू येतेय."

आली. ट्रान्सफॉर्मरवर तळवा ठेवला
आणि झटकन काढला,
भट्टीतल्या रताळ्यावरून काढावा तसा.
चष्मा लावून पाटीवरची धूळ पुसली.
"साठ लिहिलंय. बाबांच्या दुकानातला ना हा?"
हो. तोयोहाशीहून,
दुकान आवरलं तेव्हा मीच उचलून आणलेला,
फुकट म्हणून.

आमच्याकडे वीज दोन ठेक्यांत वाहते.
फुजी नदीच्या अलीकडे सेकंदाला पन्नास,
पलीकडे साठ.
कुणी जर्मन यंत्रं आणली, कुणी अमेरिकन,
शंभरावर वर्षं झाली,
माघार कुणीच घेतली नाही.
हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं.
साठाचं लोखंड पन्नासावर जुंपलं
की त्याचं पोट तुडुंब भरतं,
मग ते तापतं, थरथरतं,
मावेल तेवढं ठेवून बाकीचं शेजारच्या तारांत सांडतं.
मी मात्र महिनाभर तारांनाच शिव्या घालत होतो.

सावाको पाटीकडे बघतच राहिली.
"मग माझा रेकॉर्ड प्लेयर?"

लग्नात पलीकडून आणला होता तिनं, मांडीवर धरून, रेल्वेनं.
पहिल्याच रात्री गाणारीचा आवाज जड निघाला, पेंगुळलेला.
ती म्हणाली, इथली हवा खारी आहे.
मला वाटलं, माहेर आठवतंय.
दोघंही साफ चुकलो.
सहा फेऱ्यांच्या वेळात मोटर पाचच मारत होती,
त्रेचाळीस वर्षं,
दर रविवारी, जेवणानंतर.

नवा ट्रान्सफॉर्मर आला, पन्नासाचा.
प्लेयरला पन्नासाची पुलीही मागवली, जराशी जाड.
दोन्ही बसवलं. कान लावला.
काही नाही.
इतकं काही नाही की भीती वाटली, तार तुटली की काय.

हेडफोन सावाकोला दिला.
कडव्याभरातच तिनं उतरवला.
"ही कोण?
कसली घाई झालीय हिला?"

जुना ट्रान्सफॉर्मर आता मुळ्याच्या लोणच्यावर असतो,
दगडाऐवजी. वजनाला उत्तम.
जुनी पुली परत चढवायला दहा मिनिटं लागली.
घूं नाही.
गाणारी पुन्हा दमलेली, जड.
सावाको मघापासून
हेडफोन द्यायचं नाव घेत नाहीय.